परक्या नाकानं

प्रॅक्टिकलची जर्नलं तपासायला बसले की वानखडे सर आधी ती हुंगत. उघडून बघणं नंतर. स्टाफरूमच्या टेबलावर पोरांच्या जर्नलांचा ढीग पडलेला असे, आम्ही बाकीचे आपापल्या वह्यांवर सह्या ठोकून मोकळे व्हायच्या घाईत, आणि सर एकेक जर्नल नाकाशी धरून डोळे मिटून बसलेले. "हे चक्कीवाल्याच्या घरचं हाय," ते सांगत. "पीठ येऊन राह्यलं. अन् हे दुसरं बी चक्कीतलंच हाय, पन याचा बाप तं बँकेत हाय. म्हंजे दोघं एकाच घरी बसले, एकानं लिवलं अन् दुसऱ्यानं छापलं." मग दोघांना बोलावणं जाई आणि दोघंही लगेच कबूल होत. नाकानं पकडलेल्या चोरीवर काय बोलायचं हे त्या बिचाऱ्यांना कोणी शिकवलेलं नसे.

सर जीवशास्त्र शिकवायचे, मी मराठी. अमरावतीच्या त्या ज्युनियर कॉलेजात आमची नोकरी बरोबरीनं झाली आणि घरंही एकाच कॉलनीत शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून वाट्या-ताटल्या जायच्या, वर्तमानपत्र जायचं आणि वादही जायचे. मी मूळची अकोल्याची, ते दर्यापूरकडचे, त्यामुळे एकमेकांशी राखून बोलायचं काही कारण नव्हतं. पुढे सर पुण्याला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले, त्याला आता वर्ष होऊन गेलं. पलीकडे भाडेकरू आलेत, चांगले आहेत. पण भिंतीवरून मान वर करून "मॅडम, तुमचं दूध आता लागनार हाय" असं कोणी सांगत नाही. आणि दूध खरंच लागतं.

त्यांच्या नाकाचं कोणी कौतुक केलं की ते चिडत. दिसायला नाक साधंच होतं, थोडं बसकं, त्यावर चष्म्याचे दोन लाल वण. "हे बाहेरचं नाक म्हंजे नुसता बोळ हाय," ते म्हणत. "घर वर हाय, दोन डोयाच्या मागे. पोष्टाच्या तिकिटाएवढी जागा. अन् ती सगळ्यायले सारखीच देल्ली हाय. लोक वापरत नाहीत, त्याले मी काय करू?"

त्यांचा वासाचा धडा बघायला मी एकदा मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले होते. फळ्यावर नाकाचा उभा छेद काढलेला. "पुस्तकात कुलूप अन् किल्ली लिवलं हाय," सर पोरांना सांगत होते. "ते अर्धंच खरं हाय. आता पाहा. संत्र सोललं की त्याचे रेणू हवेत सुटतात. डोयाले दिसत नाहीत. श्वासासंगं वर जातात, तिथल्या ओल्या पडद्यात विरघळतात. त्या पडद्यात चेतापेशींची टोकं हायत अन् टोकावर ग्राहक. ग्राहकाले एक खोबण असते. रेणू खोबणीत बसला की पेशी जागी होते अन् मेंदूले खबर देते. मानसाजोळ असे ग्राहक साधारन चारशे जातीचे. अन् वास किती? मोजता येत नाहीत. मंग चारशे खोबणीत एवढे वास बसवले कसे?"

तेव्हा सरांनी सगळ्या वर्गालाच नाक करून टाकलं. प्रत्येक पोरानं एक ग्राहक व्हायचं. कोणाला लांबट रेणू पटणार, कोणाला वळलेला, कोणाला शेपटीवाला, कोणाला दोन्ही-तिन्ही. एका मुलीला खिडकीकडे तोंड करून उभं केलं, ती मेंदू. सरांनी संत्र्याच्या रेणूचं चित्र वर धरलं, ज्यांना पटलं ते उठून उभे राहिले, आणि मेंदूनं वळून बघितलं. मग लिंबू. काही जण बसले, काही नवे उठले, दोन-तीन तसेच उभे. "आता सांग," सर मेंदूला म्हणाले, "हा गण्या संत्र्यालेही उठला अन् लिंबालेही उठला. मंग एकट्या गण्याकडे पाहून तुले काही समजन का?" मुलगी म्हणाली, "नाही सर, सगळे कोण कोण उभे आहेत ते पाहावं लागेल." सर इतके खूश झाले की त्यांनी सोललेलं संत्र तिलाच देऊन टाकलं. "हव. कोन कोन मिळून उठलं, तो वास."

नेमके त्याच वेळी प्राचार्य व्हरांड्यातून जात होते. अर्धा वर्ग उभा, अर्धा बसलेला, एक मुलगी संत्र खातेय. त्यांनी दारातून विचारलं, "वानखडे सर, या पोरांनी काय केलं?" सर म्हणाले, "काही नाही सर, लिंबू आलं." प्राचार्य निघून गेले. सरांच्या बाबतीत पुढे काही विचारू नये हे त्यांना अनुभवानं कळलेलं होतं.

एकदा आम्ही काही शिक्षक चिखलदऱ्याला निघालो होतो. परतवाड्याला उतरून शेअरिंगची जीप धरली. आम्ही खेटून बसलो, ड्रायव्हर चढला, लवंग चघळत. गाडी सुरू होणार तेवढ्यात सर म्हणाले, "उतरा सगळे." ड्रायव्हर भडकला. सर शांतपणे म्हणाले, "दादा, मोहाची घेतली तुमी." तो म्हणाला, "लवंग हाय सायेब, सर्दी झाली." "लवंग बी हाय ना," सर म्हणाले. "पन लवंगेचे ग्राहक वेगळे अन् मोहाचे वेगळे. लवंगेनं मोह झाकल्या जात नाही, दोन्ही मिळून येतात." घाटाच्या पायथ्याशी हा माणूस दारू प्यायलेल्या ड्रायव्हरला विज्ञान समजावून सांगत होता आणि तो ड्रायव्हरही, का कोण जाणे, ऐकत होता. शेवटी त्यानंच दुसऱ्या जीपवाल्याला हाक मारून आम्हाला त्यात बसवून दिलं.

या सगळ्याला घरी किंमत शून्य. सुमनवहिनी म्हणजे सरांची बायको, गोरटेली, ठेंगणी, बोलायला तिखट. "एवढे नाकवाले हायत ना तुमचे सर," ती मला भिंतीवरून सांगायची, "पन भाजी करपली तं गॅस बंद नाही करनार. तठी उभे राहून सांगतीन, सुमन, आता साखर जळून राह्यली, आता कांदा जळून राह्यला." सर आतून म्हणत, "मंग सांगतो तं हाय ना." वहिनी घरी माक्याचं तेल काढायची, काळंभोर, आणि कॉलनीतल्या निम्म्या बायकांच्या डोक्याला तेच असायचं. उन्हाळ्यात बाजारात निघाली की पांढरा सुती दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला घट्ट गुंडाळायची, नुसते डोळे उघडे. आमच्याकडे उन्हात सगळ्याच बायका तसा बांधतात. गल्लीत सगळ्या एकसारख्या दिसत, पण वहिनी कोणती हे कमरेवर हात ठेवून भाजीवाल्याशी भांडण्यावरून कळे.

सरांचा आणि माझा एक वाद मात्र कधी मिटला नाही. ते म्हणत, "मॅडम, तुमच्या मराठीत वासाले शब्दच नाहीत. रंगाले पाहा, आवाजाले पाहा. वासाले काय? सुगंध अन् घान, बस." मला राग येई. मी बोटांवर मोजून दाखवी. खमंग, खरपूस, कुबट, खवट, आंबूस, उग्र, ओशट, करपट, धुरकट. ते ऐकून घेत आणि म्हणत, "मंग मले सांगा, मोगऱ्याचा वास कसा? ज्यानं मोगरा कधी हुंगला नाही त्याले सांगा." मी म्हणे, "गोड." ते म्हणत, "गूळ बी गोड येते." वाद तिथेच थांबे आणि भिंतीवरून चहा येई. निवृत्तीच्या समारंभातही ते असेच वागले. शाल-नारळ नको म्हणाले. त्याऐवजी प्रयोगशाळेतला एक जुना डेसिकेटर मागून घेतला. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं. त्याच्या तळाला ओलावा शोषणारे खडे असतात, आणि पदार्थ कोरडे ठेवायला ते वापरतात. "याचं काय कराचं?" वहिनीनं विचारलं होतं. "लोनचं घाल यात," सर म्हणाले. तिनं घातलं नाही. ते भांडं कपाटावर पडून राहिलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले. वहिनीला दवाखान्यात न्यावं लागलं आणि ती परत आली नाही. सरांना घरीच बरं वाटलं. वाचले, पण नाक गेलं. लोक म्हणाले, सर धीराचे, रडले नाहीत. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढीच भिंत आहे, मला काय ते माहीत आहे.

काही दिवसांनी मी पोळी-भाजी घेऊन गेले तेव्हा टेबलावर तो डेसिकेटर पुसून ठेवलेला होता आणि आत वहिनीचा पांढरा दुपट्टा. दवाखान्यात जाण्याआधी तिनं तो शेवटचा बांधला होता आणि दाराच्या मागच्या खुंटीला अडकवला होता. सरांनी झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावून तो हवाबंद केला. "आत्ता मले काही येत नाही मॅडम," ते म्हणाले. "लसून नाही, फिनाईल नाही, काही नाही. पन नाक परत येईन. मेंदूच्या पेशी एकदा गेल्या की गेल्या, नाकातल्या मात्र नव्या होत राह्यतात. वेळ लागन. तवर हिचा वास जाऊ नाही पाह्यजे." एवढा हिशेबी माणूस मी कोणाच्या दुःखात पाहिला नव्हता आणि एवढा वेडाही नाही.

नाकाच्या डॉक्टरनं सांगितलेला सराव त्यांनी शाळेच्या तासासारखा पाळला. चार डब्या. एकीत गुलाबाच्या पाकळ्या, एकीत लवंग, एकीत निलगिरीच्या तेलाचा बोळा, आणि डॉक्टरनं लिंबू सांगितलं होतं तिथे सरांनी संत्र्याची साल घातली. "अमरावतीच्या नाकाले संत्र आधी समजन," हे त्यांचं शास्त्र. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून एकेक डबी नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. येत काहीच नव्हतं, ते नुसतं आठवत होते. एवढा मोठा उन्हाळा मी आयुष्यात पाहिला नाही.

पावसाळ्यात एका सकाळी भिंतीवरून हाक आली. "मॅडम, चहा घान येऊन राह्यला." घरात नातू झाल्याचं सांगावं तसं सांगत होते. चहाला जळक्या टायरचा वास येत होता म्हणे. मी घाबरले, ते मात्र खुशीत. "नव्या पेशी आल्या, पन वायरमन नवीन हाय. कनेक्शनं उलटीसुलटी जोडून राह्यला. जोडू द्या. लाइन आली, हे महत्त्वाचं." त्या आनंदात पेढे आणले, एक स्वतः तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा करून म्हणाले, "साबन." उरलेले मी खाल्ले.

हळूहळू वायरमन सुधारला. आधी लवंग जागेवर आली. मग निलगिरी. संत्र खूप उशिरा आलं आणि आलं तेव्हा सर साल हातात घेऊन माझ्या दारात उभे होते. त्यानंतर त्यांनी ठरवलं की आता दुपट्टा बाहेर काढून हुंगायचा. आणि मला बोलावलं. "माह्या नाकाचा अखीन भरवसा नाही. दोन नाकं पाह्यजेत. मले आला नाही तं तुमी सांगजा, कपड्यात हाय का नाही."

रविवारची दुपार होती. सरांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, हात नुसत्या पाण्यानं धुतले, साबण नाही. डेसिकेटरचं झाकण उचलायचं नसतं, सरकवायचं असतं. ते त्यांनी अगदी सावकाश सरकवलं. दुपट्टा दोन्ही हातांनी काढून तोंडाशी धरला. किती तरी वेळ त्यांचा श्वासच ऐकू येत होता. मग दुपट्टा त्यांनी माझ्यापुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. पंचवीस वर्षं मी पोरांना त्या नजरेनं निकालाच्या पाटीपुढे उभं राहिलेलं पाहिलं होतं.

मी हुंगला. व्हॅसलीन आलं. मग कापड आलं, नुसतं कोरडं कापड, दुकानातल्या कोऱ्या थानासारखं. पुन्हा हुंगला. खोटं बोलावंसं वाटलं. पण ज्यानं आयुष्यभर नाकाचा खरेपणा शिकवला त्याच्यापुढे नाकाचं खोटं कसं बोलणार?

"काहीच नाही येऊन राह्यलं, सर."

ते दुपट्ट्याकडे बघत नव्हते. भांड्याच्या तळाशी बघत होते. तिथे ते सिलिकाचे निळे खडे होते. "पावसाळ्यात बुरशी लागन म्हनून टाकले," ते म्हणाले. "ओलावा प्याले की गुलाबी होतात. गुलाबी झाले की मी कढईत भाजून पुन्हा निळे करत होतो अन् परत टाकत होतो. नेमानं." त्यांनी एक खडा उचलून तळहातावर घेतला. "खडे नुसता ओलावा नाही पित, मॅडम. वासाचे रेणू बी पितात. मी दर खेपेले तिचा वास कढईत भाजून उडवून लावला. इथंच, या गॅसवर. अन् मले आला नाही, कारन नाक नव्हतं." मग म्हणाले, "शिकवलेलं हाय मी हे पोरायले."

मी चहा टाकला. सर ओट्यापाशी येऊन उभे राहिले. "तुमी सांगा," ते म्हणाले. "कसा होता तिचा वास?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "तुम्ही जन्मभर तिच्यासोबत राहिलात."

"म्हनूनच मले माहीत नाही." मग त्यांनी ते समजावून सांगितलं, त्याच शिकवायच्या आवाजात. एकच वास सतत येत राहिला की ग्राहक थकतात, पेशी गप होतात आणि मेंदूही त्याची दखल घेणं सोडून देतो. धोका नाही, नवीन काही नाही, मग कशाला सांगायचं? म्हणून आपल्याला आपल्या घराचा वास येत नाही, पाहुण्याला येतो. "तिच्या वासातच राह्यलो ना मी. म्हनून तो मले कधी आलाच नाही. फक्त कधी बाहेरगावी गेलो, पेपर तपासाले नागपूरले, इलेक्शनच्या ड्यूटीवर, अन् परत आलो, दार उघडलं, की तवा यायचा. एवढुसा. मी चपला काढल्या, हातपाय धुतले, तवर गेला. तवा वाटे, काय घाई हाय, रोजच तं हाय."

मग मी सांगायला बसले, आणि सरांचं म्हणणं मला पहिल्यांदा पटलं. माझी सगळी विशेषणं तिथे तोकडी पडली. खमंग नव्हता, उग्र नव्हता. मी म्हटलं, माक्याचं तेल. उन्हात तापलेला सुती कपडा. लोखंडी तव्याचा थोडासा. हाताला ओल्या हळदीचा. "हं," सर म्हणत होते, डोळे मिटून, "हं, अखीन?" आणि मी बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "आणि गुडाखूचा."

त्यांनी डोळे उघडले. "कोनाचा?"

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची मळी मिसळून केलेलं, दातांना लावायचं. आमच्याकडे कष्टकरी बायका सर्रास लावतात, मास्तरांच्या बायका चोरून. "वहिनी लावायची सर. मागच्या मोरीत. डबी तुळशीच्या कुंडीमागे असायची."

"माह्या घरात?" सर म्हणाले. "सुमन? कवापासून?"

"मी आले त्याच्या आधीपासून असणार."

सर हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा हसले. "अन् मी पोरायचे जर्नल हुंगत बसलो," ते म्हणाले. चहा गार झाला तरी ते मधूनच हसत होते, आणि मधूनच नव्हते.

त्यानंतर त्यांचं जाणं-येणं सुरू झालं. आमच्या कॉलनीला वाटलं सरांना आता करमत नाही, म्हणून ते फिरतात. मला त्यांनी खरं सांगितलं होतं. तिचा वास घरात अजून असणार, लाकडात, भिंतींत, उश्यांत, मसाल्याच्या कपाटात, आणि तो हळूहळू सुटत असणार. घर बंद ठेवलं तर तो आत साठेल. आपण लांब राहायचं, नाकाला विसरू द्यायचं, आणि मग एकदम दार उघडायचं. "आपल्याच घरात परक्या नाकानं शिरायचं," ते म्हणाले. मी हसले नाही.

पहिल्यांदा ते अकोल्याला बहिणीकडे राहून आले. पण घरी काम करणाऱ्या बाईकडे दुसरी किल्ली होती, आणि सर येणार म्हणून तिनं मायेनं सगळं घर फिनाईलनं पुसून ठेवलं होतं. सर भिंतीपाशी आले, "फिनाईल," एवढंच म्हणाले आणि आत गेले. बाईला मात्र शब्दानं बोलले नाहीत, फक्त किल्ली मागून घेतली. दुसऱ्यांदा चांदूर रेल्वेला एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले. परत आले आणि दार उघडलं तर वायरमननं पुन्हा घोळ घातला, सगळ्या घराला जळकं रबर. "येईन," ते म्हणाले. पण आता त्यांच्या आवाजात शिकवणाऱ्याची खात्री नव्हती.

तेवढ्यात पुण्याहून मुलीचा निरोप आला. तिचं म्हणणं बरोबरच होतं. वडील एकटे, मधूनच कुठे तरी निघून जातात, खाण्यापिण्याचं खरं नाही. तिनं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं, रंगाऱ्याला सांगितलं, सगळं लाकूड पॉलिश करून घ्यायचं ठरवलं. सरांनी तिला काही सांगितलं नाही. "लेकीले हे काय सांगू," ते मला म्हणाले. "तिच्या मायचं हाय ना ते बी. तिले अखीन दुखन." मग पिशवी भरली आणि परतवाड्याकडे त्यांच्या एका विद्यार्थ्याची संत्र्याची बाग होती, तिकडे निघाले. घर सगळीकडून घट्ट बंद केलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. मुलगी येणार त्याच्या आदल्या दिवशी परत येतो म्हणाले. रंगारी त्यानंतर लागणार होते. ही शेवटचीच खेप होती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बस स्टँडवर त्यांना सोडून मी घरी आले आणि त्या बंद घराकडे रोज बघत राहिले. असं वाटे, आत वहिनी आहे आणि आम्ही तिला कोंडून ठेवलंय.

ठरल्या दिवशी संध्याकाळी ऑटो येऊन थांबला. सर बसच्या प्रवासानं भुकेले असतील म्हणून मी वांग्याची भाजी केली होती. डबा भरला, वर दोन भाकरी बांधल्या आणि निघाले. ऑटो वळून गेला. सरांनी पिशवी खांद्यालाच ठेवून कुलूप काढलं, कडी सरकवली आणि दार ढकललं. आत गेले नाहीत. उंबऱ्याच्या अलीकडे, चपला पायातच, डोळे मिटून उभे राहिले.

मी फाटकाच्या कडीला हात लावला आणि तेव्हा मला माझ्याच डब्याचा वास आला. लसूण, मसाला, ताजी फोडणी. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जात होता. मी तशीच मागे सरले, डबा पदराखाली दाबून धरला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. एक ओळखीचा पोरगा सायकलवरून जाताना "मॅडम, काय झालं?" म्हणाला, त्याला मी हातानंच जा म्हटलं. देवाशी मी फारसं बोलत नाही, पण त्या वेळी बोलले. सरांना नाही दिलंस तर नको देऊ, पण निदान आता कोणाला कांदा कापू नको देऊ, एवढंच मागितलं.

ते बराच वेळ हलले नाहीत. मग त्यांचा खांदा सैल झाला आणि पिशवी घसरून खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला, तसेच थोडे पुढे झुकले, जसं कोणाचं बोलणं नीट ऐकायला झुकतात. तिथून त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. दिवे लागायची वेळ झाली होती आणि त्या घरात दिवा नव्हता.

शेवटी ते वळले, पायरीवर बसले आणि चपला काढल्या. रस्त्यापलीकडे उभी असलेली मी त्यांना दिसले. त्यांनी हात हलवून बोलावलं. "या मॅडम," ते म्हणाले. "आता आना डबा. गेला तो."

गेला, म्हणजे आला होता. त्यांच्या शेजारी पायरीवर बसून मी डबा उघडला. भाजी निवून गेली होती. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हळूहळू जेवायला लागले. आमच्या पाठीमागे घराचं दार सताड उघडं होतं आणि ते लावायला आम्हा दोघांपैकी कोणीच उठलं नाही.